राजकन्येचं अंडं आणि खुडूक चंडी

एका राज्यात कोंबड्यांचा मोठा मान होता. राजा सिंहकेतूच्या खुराड्यात देशोदेशींचे वाण नांदत होते. रोज अंडं घालणाऱ्या पांढऱ्याशुभ्र, पायांत पिसांचे मोजे घातलेल्या गुबगुबीत, चोचीपासून नखांपर्यंत काळ्याभोर, आणि उंच टांगांच्या, ताठ मानेच्या असील. त्या राज्यात पक्षी बोलत, याचं कुणाला नवल नव्हतं. त्यांचं ऐकायला मात्र कुणाला सवड नसे.

खुराड्याचा कारभार भिवराबाईकडे होता. तीस वर्षं तिने तो एकहाती सांभाळला. कुणी विचारलंच तर ती धान्य पाखडता पाखडता सांगे, "पांढरी कामसू पण घाबरट. काळी एकलकोंडी. मोजेवाली म्हणजे गरीब गाय. आणि असील? बाई गं, तिच्या वाटेला जाऊ नये." लोक माना डोलावत. भिवराबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एके दिवशी काळजिभ्या जादूगार दरबारात आला आणि त्याने सेनापतीपद मागितलं. राजा नाही म्हणाला. जादूगाराने वाद घातला नाही. राजाच्या मांडीवर सहा वर्षांची राजकन्या मधुलेखा बसली होती. तिच्याकडे त्याने बोट दाखवलं, आणि मांडीवर एक अंडं उरलं.

"एकवीस दिवस ऊब दे," जादूगार म्हणाला. "माणसाची नव्हे, कोंबडीची, आणि तीही आपखुशीची. मध्येच गार पडलं, तर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा गार पडलं, की दगड." एवढं बोलून तो खिडकीतून निघून गेला.

राजा अनवाणी धावत खुराड्यात आला. भिवराने अंडं ओंजळीत घेऊन कानाशी धरलं. आईवेगळी मधुलेखा तिच्याच दुधावर वाढली होती. आतलं ते इवलं काळीज तिने ओळखलं.

"सर्वांत जास्त अंडी कोण घालते?" राजाने विचारलं.

"पांढरी, महाराज."

"मग तिलाच बसव."

जी रोज घालते ती कधी बसत नाही, हे भिवराला पुरतं ठाऊक होतं. पण राजापुढे 'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर कधी चढला नव्हता. "जशी आज्ञा," ती म्हणाली.

पांढरी सकाळी बसली. दुपारी तिची वेळ झाली तशी ती उठली, कोपऱ्यात जाऊन स्वतःचं अंडं घातलं आणि ओरडून ओरडून तिने खुराडा डोक्यावर घेतला. तिचा कौतुकसोहळा आटपेपर्यंत राजकन्येचं अंडं गार पडलं. त्याच्या एका अंगाला बोटभर दगड चढला.

मग प्रधानजी पुढे झाले. "महाराज, आईला शांत स्वभाव हवा. मोजेवाली बसवावी."

मोजेवालीला कुणी जरा ढकललं तरी ती सरकते, हेही भिवराला ठाऊक होतं. तरी ती पुन्हा म्हणाली, "जशी आज्ञा."

मोजेवाली तीन दिवस गुण्यागोविंदाने बसली. चौथ्या दिवशी काळी आली आणि म्हणाली, "सरक."

"आपल्याला बसायचं आहे का? बसा हो," म्हणत मोजेवाली उठली. काळीला ऊब द्यायची नव्हती, नुसती जागा हवी होती. आभाळ गडगडलं तशी ती फडफडत आढ्यावर जाऊन बसली. अंडं दुसऱ्यांदा गार पडलं आणि निम्मं दगड झालं.

आता एकच खेप उरली होती. भिवराने अंडं कानाशी धरलं. आतली धडधड दुरून यावी तशी येत होती.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बंद जाळीतून रागीट कुरकुर ऐकू आली. तिथे चंडी नावाची असील एकटीच कोंडलेली होती, कारण ती कुणाचीच गय करत नसे. गेले नऊ दिवस ती खुडूक झाली होती, पिसं फुलवून रिकाम्या गवतावर बसून राहिली होती. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणून तिला रोज गार पाण्यात बुचकळून तिची खुडूक मोडावी, असा राजाचा हुकूम होता. भिवराने तो रोज पाळला. आणि चंडी रोज, निथळत्या पिसांनी, परत जागेवर जाऊन बसली.

"महाराज, चंडीला बसवायचं," भिवरा म्हणाली.

राजा दचकला. "असील? ती लढते, भिवराबाई. ती आई होत नाही."

"तीस वर्षं मीही हेच सांगत आले, आणि अर्धंच सांगत आले. नऊ दिवस मी तिला मोडत होते, ती मोडली नाही. महाराज, दोनदा मी 'जशी आज्ञा' म्हटलं. आता म्हणणार नाही."

राजाने मान खाली घातली.

भिवरा जाळीपुढे गुडघ्यांवर बसली.

चंडीने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "पाणी गार होतं."

"होतं."

"नऊ दिवस."

"नऊ दिवस. चुकले मी, चंडी. मला क्षमा कर."

चंडीने पंख किंचित उचलला. "ठेव इथे. आणि हात काढ."

चंडी बसली ती बसली. दाणापाण्यासाठी ती दिवसातून एकदा उठे, आणि अंडं कोमट असतानाच परत येई. पहिल्या आठवड्यात काळजिभ्या घार होऊन आला. चंडीने मान उंच करून अशी किंकाळी फोडली की घार आल्या वाटेने वळली. दुसऱ्या आठवड्यात तो साप होऊन आला. चंडीने जागेवरूनच त्याच्या फण्यावर ओझरती चोच हाणली, आणि साप बिळातून निघून गेला.

विसाव्या दिवशी खुराड्याच्या दारात स्वतः राजा उभा राहिला. एकटाच.

"भिवराबाई, अंडं मेलं आहे. मला तसा दृष्टांत झाला. कोंबडीला उठव."

भिवराचा हात सवयीने पुढे गेला. तीस वर्षांचं वळण ते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण पंखांखालून टकटक ऐकू आली, अगदी बारीक, आणि तिने हात मागे घेतला.

"महाराज, माझी मान उडवा," ती म्हणाली. "पण अंड्यावरची कोंबडी मी उठवणार नाही."

राजाने स्वतःच हात घातला. चंडीने त्याचा अंगठा फोडला. काजळासारखं काळं रक्त मातीत पडलं, आणि त्याबरोबर मुकुट पडला, मिशा गळल्या, नि उरला तो काळजिभ्या. त्याचं सोंग रक्ताच्या पहिल्या थेंबापर्यंतच टिके, आणि एकदा असं फुटलं की जादूही जाई. सध्या तो परमुलखातल्या बाजारात हातचलाखीचे खेळ करतो, म्हणे.

एकविसाव्या दिवशी उजाडताच टकटक वाढली. खरा राजा धावत आला आणि अंडं फोडायला त्याने कट्यार काढली.

"नको महाराज!" भिवरा म्हणाली. "आतूनच फुटलं पाहिजे. बाहेरून फोडलं तर पिल्लू जगत नाही."

राजाने कट्यार म्यान केली. टकटक दगडाच्या अंगाला होत होती. हळूहळू ती मंदावली, आणि थांबली. भिवराने पदर तोंडात धरला. तेव्हा चंडीने चोचीने अंडं अलगद फिरवलं आणि त्याला तोंड लावून म्हणाली, "तिकडून नाही, बाळ. इकडून."

खट्कन तडा गेला. अंगठ्याएवढी मधुलेखा बाहेर आली, ओल्या केसांची, डोळे मिचकावणारी. तिने एक मोठा श्वास घेतला आणि ती पुन्हा सहा वर्षांची झाली. भिवरा एकाच वेळी हसली आणि रडली. खुराड्याची ती कोंदट हवासुद्धा तिला गोड लागली.

राजा हात पसरून पुढे झाला. चंडीने पिसं फुलवली.

"थांबा. आधी तिला वाळू द्या."

राजकन्या चंडीच्या पंखाखाली शिरली. तिचं नुसतं डोकंच आत मावलं, पण ते दोघींनाही चाललं. राजा दाराशी गवतात उकिडवा बसला. प्रधानजी विचारायला आले, दरबार केव्हा भरवायचा? राजाने ओठांवर बोट ठेवलं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, मग आत आलं, तेव्हा कुठे चंडी उठली, अंग झाडलं आणि म्हणाली, "आता न्या."

राजाने लेकीला उचलून घट्ट धरलं.

"बाबा," मधुलेखा म्हणाली, "तुम्ही इतका वेळ बाहेर का बसला होता?"

"परवानगी नव्हती, बाळ," राजा म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना.

त्या राजाचं लेकरू जसं सुखरूप हाती आलं, तसं तुमचं-आमचंही येवो.