पहिलं घर

"मग तुम्हीच सांगा आक्का, माझं चुकलं कुठं?"

हे माझे वडील. भगवंत बिराजदार. कंपनीत सुपरवायझर होते. कंपनीला कुलूप लागलं, आता कुठंच कुणी नाहीत. आवाज मात्र अजून हाताखाली माणसं असल्यासारखा.

आक्का म्हणजे सखूआक्का, भवानीची आराधीण. बार्शीबाहेर टेकडीवर देवीचं ठाणं आहे, तिथं राहते. गळ्यात कवड्यांची माळ, दातांना मिश्री, तोंडाला लगाम नाही. वडिलांनी तिला गुरू केलंय. दर मंगळवारी साडी, पेढे, साखर घेऊन येतात. ती साडी दुसऱ्या दिवशी कुणाला तरी देऊन टाकते. वडील नवी आणतात. नोकरी गेल्यावरही आणतात, उधारीवर.

"खर्च कमी करा म्हटलं," वडील सांगत होते. "दूध निम्म्यावर आणलं. प्रांजलीचा क्लास बंद. हिची भिशी बंद. चहा दिवसातून एकदाच. तर घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही."

"आनि तुजं काय बंद केलंस?"

"माझं?"

"व्हय. तुजं."

"माझा कसला खर्च, आक्का..."

टेकडीखाली त्यांची पांढरी गाडी उभी होती. सकाळीच धुतलेली.

तिचे हप्ते थकले होते. घराचेही थकले होते. बँकेचा माणूस दारात येऊन सांगून गेला होता, आता पुढची नोटीस घराची. आईनं गाडी विकू या म्हणून दोनदा विषय काढला. पहिल्यांदा वडील ताटावरून उठले. दुसऱ्यांदा आठवडाभर बोललेच नाहीत. गाडी गेली तर लोकांना कळेल म्हणे.

लोकांना कधीच कळलं होतं. यंदा गणपतीची वर्गणी वडिलांनी दुप्पट दिली, ती याच लोकांसाठी. मंडळातल्या मोठ्या माणसांनी पावती फाडली, भगवंतराव भगवंतराव केलं, आणि यांची पाठ वळल्यावर हसले. त्यात माझा सख्खा चुलताही होता.

"आणि हा बघा." वडिलांनी माझ्याकडं बोट केलं. "कॉलेज सोडून घरी बसलाय."

"मग दोघं बी बसलाय म्हन की."

मला हसू आलं. वडिलांना आलं नाही.

आक्का उठली. कोपऱ्यातली परडी आणली. वेताची, काठाला कवड्या बांधलेली. ती वडिलांच्या मांडीवर ठेवली. मग गळ्यातली माळ काढून त्यांच्या गळ्यात घातली.

"आज मंगळवार हाय. जोगवा माग. पाच घरं. पयलं तुजं."

आमच्यात देवीचा जोगवा बागायतदारालाही चुकत नाही. अनवाणी जायचं, पाच दारांत उभं राहायचं, कुणी काय घालेल ते घ्यायचं. परडीत पडलेलं परत देता येत नाही. ते देवीचं झालं. आमच्या घरात हे काम कायम आईकडं. वडील नारळ फोडायला पुढं असतात.

"आक्का, मी देणारा माणूस. मागायची सवय नाही मला."

"म्हनून तर."

वडिलांनी गाडी काढली. होय, जोगवा मागायला गाडी.

घराकडचं वळण आलं. वडील वळले नाहीत.

गावाच्या पार पलीकडं नवीन बंगले झालेत, तिथं त्यांना ओळखणारं कुणी नाही. तिथं कोपऱ्यावर गाडी लावली, बूट गाडीत काढून ठेवले आणि इस्त्रीच्या शर्टावर कवड्यांची माळ घालून हा माणूस पहिल्या फाटकात शिरला. लोकांनी भरभरून घातलं. असा स्वच्छ दाढी केलेला, खिशाला पेन लावलेला जोगवेकरी त्यांनी कशाला पाहिला असेल! गहू, तांदूळ, एकीनं तर गुळाची अख्खी ढेप घातली.

वडील खुशीत टेकडी चढले. परडी आक्कापुढं ठेवली. परीक्षेत पहिला आलेला पोरगा बापापुढं निकाल ठेवतो तशी.

"झाली पाच घरं, आक्का."

आक्कानं परडीकडं बघितलंही नाही.

"उज्ज्वलानं काय घातलं?"

उज्ज्वला म्हणजे माझी आई.

वडील परडीतली गुळाची ढेप सरळ करायला लागले.

"म्या काय इचारलं, भगवंता?"

"पाच झाली ना, आक्का. कुठली का असेनात..."

आक्कानं परडी उचलली, सगळं देवीपुढं ओतलं आणि रिकामी परडी परत त्यांच्या हातात दिली.

"ह्ये देवीला पोचलं. आता जा."

वडील हळू आवाजात म्हणाले, "तिच्यापुढं कसं उभं राहू?"

"कसं म्हंजे? दाराच्या भाईर."

घर आलं. वडिलांनी गाडी लावली, तिच्यावर कव्हर घातलं, बूट काढले, दार ढकललं आणि सरळ आत गेले. चावी खिळ्याला अडकवली. खुर्चीत बसले. परडी मांडीवर.

आई स्वयंपाकघरातून डोकावली. गळ्यातल्या माळेकडं बघत राहिली.

"पप्पा," मी दारातून म्हणालो, "बाहेरून मागायचंय."

बावन्न वर्षांचा माणूस. त्या घराच्या विटा त्यानं स्वतः उभं राहून रचून घेतलेल्या. त्या दारातून तो कधी हाक न मारता बाहेर पडला, कधी ओरडत आत आला. दाराबाहेर थांबून काही मागायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

ते उठले, बाहेर आले आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

"आई उदे..." म्हणाले. खाकरले. समोरच्या गॅलरीत शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या.

दार उघडलं. आई.

"काय झालंय?"

"जोगवा वाढ."

"कुणाला?"

वडिलांनी परडी पुढं केली.

"अहो, कुणाला?"

"मला."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं, मग पायांकडं. पाय अनवाणी होते. डोक्यावर पदर घेतला आणि आत गेली.

सुपात ज्वारीचं पीठ आणि मीठ घेऊन आली. ओंजळीनं परडीत घातलं. मागून प्रांजली आली, माझी बहीण. तिनं पिठावर हळदीची चिमूट सोडली. आई परडीच्या पाया पडली.

मग मागं वळली, खिळ्यावरची गाडीची चावी काढली आणि पिठावर ठेवली.

"अगं, हे काय..."

"जोगव्यात पडलेलं परत करत नाहीत."

वडिलांचा हात चावीपर्यंत गेला. थांबला. पीठ बोटांना लागलं तेवढंच. मला वाटलं, आता ओरडतील. प्रांजलीलाही वाटलं असणार, ती माझ्यामागं सरकली.

"उज्ज्वला," ते म्हणाले. पोरांसमोर ते तिला नावानं हाक मारत नाहीत. "मला जमत नाहीये गं हे सगळं..."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"तुम्ही माझा दुपारचा चहा बंद केलात ना, तेव्हापासून." आईनं त्यांच्या गळ्यातली माळ सरळ केली. "जाऊन या. पिठलं टाकते. आणि उन्हाचं कडेकडेनं जावा, पाय पोळतील."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हसतही होती. या बाईचं मला कधी कळलेलं नाही.

आम्ही चालत निघालो. भर बाजारातून. परडीत पीठ, पिठात चावी. वडील सावली बघून पाय टाकत होते, तरी दोनदा कळवळले. पानाच्या टपरीवर चुलता होता, मंडळाच्या माणसांत.

"भगवंता, गाडी कुठंय रे? हे काय सोंग?"

"जोगवा," वडील म्हणाले. "गाडी विकायचीय. गिऱ्हाईक बघ एखादं."

चुलत्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. वडील थांबलेही नाहीत. बापाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि हे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

टेकडी चढेपर्यंत त्यांना धाप लागली होती. नेहमी ते टेकडीच्या पायथ्यापर्यंत गाडीनं यायचे. आज घरापासून चालत आले.

आक्का ओट्यावर बसली होती. परडीत वाकून बघितलं. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. चावी उचलून पदरानं पुसली, पुन्हा पिठावर ठेवली. मग वडिलांचे पाय बघितले आणि आपल्या तांब्यातलं पाणी त्यांवर हळूहळू ओतलं.

वडिलांनी पाय मागं घेतले. "आक्का, तुम्ही नका..."

"गप बस."

पाणी संपलं. टेकडीवर वारा होता.

"आक्का," वडील म्हणाले, "एकच घर झालं. चार राहिलीत अजून."

आक्कानं परडी आपल्याकडं ओढली.

"ऱ्हाऊ दे रं. ती परक्याची घरं. तितं काय, कुनीबी मागतंय."