कोंडाजी भालदाराची ललकारी

एका राज्यात राजा होता, प्रधान होता, आणि त्या दोघांहून वजनदार असा एक भालदार होता. वजनदार म्हणजे अंगानं नव्हे हो, अंगानं तो काडी पैलवान. पण त्या राज्याची रीतच अशी, की दरबाराच्या दारात भालदार ज्याला जे म्हणून पुकारील, तो दिवेलागणीपर्यंत तेच. कुणा जुन्या सिद्धाचा वर होता. आचारी म्हणून पुकारलं, तर सेनापतीसुद्धा तलवार खुंटीला टांगून झारा हाती घ्यायचा.

आता अशा जागेवर माणूस हवा खणखणीत. आणि होता कोण, तर कोंडाजी. त्याची जीभ अडायची. 'क' आला की गाडी रुतलीच. त्यात दैवाची थट्टा बघा, स्वतःचं नाव कोंडाजी आणि राजाचं नाव कनककेतू. बाप वारल्यावर राजानंच त्याच्या हाती भालदारकीची काठी दिली होती. "बोल सावकाश, दरबार कुठे पळून जात नाही," एवढंच म्हणाला होता. तेव्हापासून कोंडाजीचा राजावर फार जीव.

दरबार पळत नव्हता, पण प्रधान तिमाजीपंत पळत होते. समोरच्याचं वाक्य पुरं केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. कोंडाजी नुसता 'क' म्हणाला की पंत मागून खाकरत, शब्द पुरवत, आणि कोंडाजीची जीभ आणखीच आखडे. जो भेटे तो त्याला जीभ सुटावी म्हणून वेखंड उगाळून चाटायला सांगे. इतकं चाटलं, की त्याच्या घामालाही वेखंडाचा वास यायचा. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. अडणारा शब्द आला, की गुपचूप दुसरा ठेवायचा. राजाला तो 'धनी' म्हणे. कोतवालाला 'रात्रीचे राखणदार' म्हणे, त्यामुळे बिचारा कोतवाल दिवसभर पेंगत असे. तेवढं चालून जाई.

एके दिवशी दारात कालकंटक नावाचा जादूगार आला. दाढी गुडघ्यापर्यंत, खांद्यावर घुबड. कोंडाजीनं तोंड उघडलं, 'क' घशात बसला, मागे पंत खाकरले. घाबरून तो म्हणाला, "पाहुणे आले हो."

झालं. कालकंटकाची विद्या गेली, उरला नुसता पाहुणा. आणि त्या राज्यात पाहुण्याला 'पुरे' म्हणायची सोय नव्हती. जिलबी वाढली, मठ्ठा वाढला, पुन्हा जिलबी वाढली. घुबडालाही पाट मांडला. दिवे लागले तशी विद्या परत आली आणि जादूगार ढेकर देत कसाबसा उठला.

"भालदारा, तू माझं नाव गिळलंस," तो म्हणाला. "तुझा राजा पोपट होवो."

राजा पोपट झाला.

"यावर उतारा?" पंतांनी विचारलं.

"पौर्णिमेच्या दरबारात यानंच राजाचं नाव पुकारावं. शब्द बदलला, किंवा दुसऱ्यानं पुरा केला, तर पोपट जन्माचा पोपट."

कोंडाजी पिंजऱ्यापाशी बसून ढसाढसा रडला. आपल्यापायी आपला राजा गेला, हे त्याला सोसवेना. पोपट म्हणाला, "पेरू आण." त्याला स्वतःचं नावही आठवत नव्हतं.

खिडकीत साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "रडून काय होणार? काळ्या डोंगराच्या गुहेत सोन्याची जीभ आहे. ती लावणाऱ्याचा शब्द अडत नाही. वाटेत तीन राखणदार आहेत. जा."

कोंडाजी निघाला. पहिली राखणदार नदी. जिथं जायचं ते सांगावं, तिथं ती नेऊन सोडी. 'काळ्या डोंगराला' म्हणायचं होतं. जीभ अडली, म्हणून कोंडाजीनं सवयीनं शब्द बदलला. "उंचावर," तो म्हणाला. नदीनं त्याला उचललं आणि सावरीच्या झाडाच्या शेंड्यावर ठेवलं. सावरीला काटे असतात, हे सांगायला नकोच. धोतराच्या चिंध्या घेऊन तो खाली उतरला आणि मुकाट्यानं म्हणाला, "क... क... काळ्या डोंगराला." शब्द अडला तिथं नदी थांबली, शब्द सुटला तशी पुढे निघाली. अशी थांबत थांबत ती त्याला पोचवून आली.

दुसरा राखणदार राक्षस. त्याच्याकडे गुहेची किल्ली होती. मनानं भला, पण भारी उतावळा.

"काय हवं?" राक्षसानं विचारलं.

"क... क..."

"काकडी? घे."

"न... नाही, क..."

"कढई? कांबळं? कोंबडी?"

बघता बघता कोंडाजीच्या डोक्यावर कढई, अंगावर कांबळं, काखेत कोंबडी. कोंबडीही भांबावली होती. राक्षस आता कोहळा आणायला आत निघाला, तेव्हा मात्र कोंडाजीचं डोकं फिरलं. त्यानं हात वर केला. जन्मात कधी म्हणाला नव्हता ते म्हणाला, "थांबा. माझं मला बोलू द्या."

राक्षस ओशाळून खाली बसला. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरून बसला.

"क... किल्ली," कोंडाजी म्हणाला, आणि त्याला किल्ली मिळाली. काकडी राक्षसानं परत घेतली नाही.

तिसरा राखणदार गुहेचं दार. किल्ली लावली तसं ते दगडी आवाजात म्हणालं, "कोण?"

आता आली का पंचाईत. स्वतःचं नाव बदलून सांगणार काय? "क... क... को..." दाराला कसली घाई नव्हती. ते ऐकत राहिलं. ना खाकरलं, ना हसलं. "कोंडाजी," तो म्हणाला. दार उघडलं. पण हा वेडा आत जाईना. उंबऱ्यावर उभा राहून त्यानं आपलं नाव पुन्हा एकदा घेतलं, अडत अडत, उगीच, मजेखातर.

आत एक गृहस्थ बसला होता. सोन्याची जीभ त्याच्याच तोंडात. तो अस्खलित बोलत होता आणि त्याला थांबता येत नव्हतं, हाच त्या धनाचा शाप. वटवाघळंसुद्धा कंटाळून गुहा सोडून गेली होती. कोंडाजीनं बराच वेळ ऐकलं, पण ओ की ठो कळेना. "पाणी हवं का?" त्यानं विचारलं. गृहस्थ पाण्याविषयी बोलत सुटला, घोट काही घेईना. कोंडाजीला त्याची दया आली. त्यानं ती जीभ उपटली आणि दरीत भिरकावून दिली. गृहस्थ गप्प झाला, घटाघटा पाणी प्याला आणि तिथंच झोपी गेला. कोंडाजी रिकाम्या हातानं घरी आला.

पौर्णिमेचा दरबार भरला. सिंहासनावर पिंजरा, शेजारी पेरू, पिंजऱ्याचं दार उघडं, आत पोपट. कोंडाजी काठी टेकून उभा राहिला. "पंत," तो म्हणाला, "मध्ये बोलू नका."

पंतांनी उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं.

"क... क..." 'धनी' हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला. सोपा, तयार, नेहमीचा. कोंडाजीनं तो मागे लोटला. "कन..." पोपट टुणकन पिंजऱ्याबाहेर आला आणि त्याला माणसाचे पाय फुटले. "क... क..." इथं जी जीभ अडली ती अडलीच. पायांत मोजडी, वर हिरवी पिसं, असा राजा तिष्ठत उभा. राणीनं पदरात तोंड लपवलं. पंतांचे डोळे पांढरे झाले, उपरण्याचं दुसरं टोकही तोंडात गेलं. कोंडाजीला घाम फुटला, पण लाज वाटेना. जिथं अडलं होतं तिथंच तो पाय रोवून उभा राहिला आणि म्हणाला, "कनक... के... केतू महाराज."

पिसं गळाली. राजा राजा झाला, पिंजरा सरकवून सिंहासनावर बसला, आणि त्यानं आधी पेरू बाजूला सारला.

"कोंडाजी," तो म्हणाला, "बारशापासून हे नाव सगळ्यांनी घेतलं. पण त्यासाठी एवढं जिवाचं रान कुणी केलं नव्हतं. उद्या पुन्हा घे."

"घ... घेईन," कोंडाजी म्हणाला. या वेळी 'घ' अडला, पण पुढचं कुणीच सांगितलं नाही. सगळे ऐकत राहिले.

कोंडाजीला जसे थांबून ऐकणारे भेटले, तसे तुम्हाआम्हांला भेटोत.