चिखलावर बसवलेला दगड

एकदा एक व्यापारी आपल्या गावालगतच्या ओढ्यावर दगडी पूल बांधून घेत होता. पलीकडे बाजार होता, पाठशाळा होती, आणि पावसाळ्याचे चार महिने गाव या दोन्हींना मुकत असे. काम एका वृद्ध स्थपतीकडे होते. वयोमानाने त्याला उन्हातान्हात उभे राहणे जमेना, म्हणून देखरेख त्याच्या शिष्याकडे आली. शिष्याचा हा पहिलाच पूल. त्याच्या उत्साहाला सीमा नव्हती. कमानीचा एकेक दगड चढला की आपणच वीतभर उंच झालो, अशा थाटात तो चाले.

शिष्याने एक मुकादम नेमला होता. माणूस कामात हुशार, पण त्याची रीत एकच: जो चुकेल त्याचा चारचौघांत पाणउतारा. कोणाला नावे ठेवायची, कोणाच्या बापाचा उद्धार करायचा, कोणाची भाकरी ओढ्यात भिरकवायची. बाकीचे हसत, कारण जो हसणार नाही त्याची पाळी पुढची. काम मात्र झपाझप होई. 'काम होतंय ना, मग झालं,' असे म्हणून तुम्ही-आम्ही अशा माणसांकडे काणाडोळा करतो. शिष्यानेही तेच केले. उलट तो गुरूला अभिमानाने सांगे, की चाळीस माणसे राबताहेत, पण एकाचीही तक्रार नाही. हे ऐकून म्हातारा आनंदी होण्याऐवजी विचारात पडे.

ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच कमान पुरी झाली आणि तिच्याखालचा लाकडी आधार काढण्याचा दिवस उजाडला. त्या प्रांताची रीत अशी, की आधार निघताना बांधणाऱ्याने स्वतः कमानीखाली उभे राहायचे. दोन्ही काठांवर जत्रा लोटली. ढोल घुमू लागले, तोरणे लागली, पोरे बापांच्या खांद्यांवर चढून बसली. शिष्याला बसवत नव्हते आणि उभे राहवत नव्हते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच, असे त्याला वाटत होते, आणि खरे सांगायचे तर ते पाहणाऱ्या कोणालाही तसेच वाटले असते.

गुरू आला, पण कमानीकडे त्याने पाहिलेही नाही. कठड्याचा शेवटचा दगड बसवायचा राहिला होता, तिथे तो जाऊन बसला. सगळे गवंडी भोवती गोळा झाले. शेजारी चुन्याचे घमेले भरलेले होते. म्हाताऱ्याने ते बाजूला सारले, ओढ्यातला ओंजळभर चिखल मागवला, तो थापला आणि त्यावर दगड ठेवून दिला. मग त्याने विचारले, कसा बसला?

"झकास," मुकादम म्हणाला. चाळीस जणांनी त्याची री ओढली. चिखल शिष्यालाही दिसला होता. एवढ्या मोठ्या माणसाला काय सांगायचे, म्हणून तोही मूग गिळून बसला.

म्हातारा उठला. "आधार काढू नका," तो म्हणाला, "आणि ते ढोल थांबवा."

व्यापारी संतापला. मुहूर्त टळतो आहे, पंचक्रोशीतले पाहुणे जमले आहेत, म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असे तो सर्वांदेखत बोलून गेला.

"शेठजी," गुरू शांतपणे म्हणाला, "चिखल दगड धरत नाही, हे शेळ्या राखणाऱ्यालाही कळतं. इथे चाळीस कसबी माणसं पाहत होती. कोणी ब्र काढला नाही. मुकादमानेही नाही, कारण इतरांना जसा त्याचा धाक, तसा त्याला माझा. जिथे डोळ्यांसमोरचा चिखल गिळला जातो, तिथे कमानीच्या पोटात काय काय गिळलं गेलं असेल, हे मला कसं कळावं? चारचौघांत अपमान केला की माणूस चूक टाळत नाही, चूक झाकतो. माझं काय, मी खाली उभा राहीन. पण उद्या या पुलावरून पोरं जायची आहेत."

मग कोणाला काही सांगायचे आहे का, असे त्याने विचारले. सगळ्यांच्या नजरा मुकादमाच्या चेहऱ्याकडे वळल्या. शेवटी मागच्या रांगेतून चुना मळणारी येसू पुढे आली.

"बाबा, मधल्या दगडांचा चुना कच्चा हाय. पंधरा दिस भिजाया पायजे, तो तीनच दिस भिजला. म्या सांगितलं व्हतं."

तिने सांगितले होते, हे खरे. त्या दिवशी मुकादमाने तिच्या डोक्यावर भरले घमेले देऊन तिला दुपारभर उन्हात उभे केले होते, आणि 'ही आपली नवी स्थपतीण' म्हणून एकेकाला तिला नमस्कार करायला लावले होते. सगळे पोट धरून हसले होते.

"मीही हसलो होतो," शिष्य म्हणाला. त्याची मान खाली गेली.

गुरूने त्याच्या हातात एक खिळा दिला. शिष्य आधारावर चढला आणि कमानीच्या मधल्या दगडाच्या सांध्यात त्याने तो खुपसला. चुना पिठासारखा भुरभुरत खाली आला. आणि मग काय सांगावे, बांध फुटावा तशी माणसे बोलू लागली. एकाने तडा गेलेला दगड दाखवला, दुसऱ्याने घाईत अर्धा भरलेला सांधा दाखवला. इतके दिवस गिळलेले सगळे एका सकाळी बाहेर पडले, आणि ते ऐकताना म्हाताऱ्याचा चेहरा उजळत गेला.

मुकादमाचे पद गेले, पण कामावरून त्याला काढले नाही. दुसऱ्या दिवशी लोक त्याच्याकडे पाहून हसू लागले, तेव्हा त्यांना गप्प केले ते येसूने.

मधले दगड उतरवले, पुन्हा रचले. चार महिन्यांनी तशीच जत्रा भरली. या वेळी शिष्य स्वतः कमानीखाली जाऊन उभा राहिला. आधाराखालच्या पाचरा ठोकून काढायला हातोडे उचलले गेले, तोच वरून येसूचा आवाज आला, "थांबा." तिने सांध्यात बोट घालून पाहिले होते. अजून आठ दिवस हवेत, असे तिने सांगितले.

उचललेले हातोडे घाव न घालताच खाली ठेवले गेले. शिष्य बाहेर आला, व्यापाऱ्यापुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "शेठजी, आज नाही." हे म्हणताना त्याला लाज वाटली नाही, भीती वाटली नाही, छाती मात्र आनंदाने भरून आली. आठ दिवसांनी आधार निघाला आणि कमान तसूभरही हलली नाही.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांनी आज घरी जाताना एवढेच आठवून पाहावे: आपल्याला शेवटचे 'थांबा' कोण म्हणाले होते?