सशाच्या मापाची ससुली

एका राज्यात राजा होता, प्रजा होती, शेतं पिकत होती. पण जागं मूल एकही नव्हतं. धूम्रकेश जादूगाराचा राजाने भर दरबारात अपमान केला होता. जादूगाराने राजाच्या केसालाही धक्का लावला नाही. त्याने राज्यातल्या लेकरांची जाग काढून घेतली, तिचा तांबडा मणी केला आणि डोंगरातल्या बिळात ठेवून तो चालता झाला. मोठ्यांनी भांडावं आणि लहानांनी भोगावं, ही रीत तेव्हाही होतीच.

गोंदाजी हा राजाचा श्वानपाल. त्याला आईवेगळी एकच लेक, आवडी. ती निजली ती निजलीच. गोंदाजी रोज संध्याकाळी तिचं ताट वाढी, तिला हाका मारी. ती उठत नसे. मग दुधात कुस्करलेली ती भाकरी तो ससुलीपुढे सरकवी. लेकीचं अन्न टाकवतं थोडंच?

ससुली ही बिळकुत्री, बिळात शिरून शिकार काढणारी. अंग लांब, पाय आखूड, कान लोंबते. त्या राज्यात अशा कुत्र्यांची उंची कोणी पाहत नसे. बिळात अडते ती छाती. कुत्रं वयात आलं की श्वानपाल त्याच्या छातीला दोरा गुंडाळी आणि माप सांगे: थोरलं, धाकटं किंवा सगळ्यांत लहान ते सशाचं. ते एकदाच ठरे. पुन्हा मोजणं म्हणजे श्वानपालाचा शब्द खोटा पाडणं. ससुली सशाच्या मापाची ठरली होती.

एके दिवशी जादूगाराची साळुंकी राजाच्या गवाक्षात येऊन बसली.

"राजा, बिळाला तीन दारं. पहिलं काट्यांचं, दुसरं हिमाच्या पाण्याचं, तिसरं अरुंद. मणी उन्हात आला की मुलं जागी होतील. माणसाचा हात किंवा लोखंड त्या मातीला लागलं, तर कधीच नाही."

राजाने गोंदाजीकडे पाहिलं. "कुत्री निवड."

"निवडली, महाराज."

पहिला गेला खरबड्या, थोरल्या मापाचा, केस काथ्यासारखे राठ. काटे त्याच्या कातडीपर्यंत पोचलेच नाहीत. त्याने ते उपसून वाट केली. दुसरा गेला झिपऱ्या, धाकट्या मापाचा. त्याच्या लांब दाट केसांतून गारठा आत शिरला नाही. त्याने तळाची शिळा उकरून हलवली, पाणी ओसरलं. मग ससुली निघाली. तिचे केस आखूड, तुळतुळीत, कुठे अडकायचे नाहीत. तिसऱ्या दारापुढे उतार होता, ती घसरत आत गेली. मणी सापडल्याचं भुंकली. परतताना चढ लागला आणि तिची छाती दारात रुतली.

गोंदाजीने बिळाच्या तोंडाशी कान नेला आणि त्याला सगळं उमगलं.

"महाराज, माप जुनं होतं. लेकीच्या मायेने मीच हिला चारून चारून लठ्ठ केली."

"खणायचं का?"

"खणलं तर सगळ्यांचीच लेकरं गेली."

"मग?"

"वाळेल, तेव्हा निघेल."

गोंदाजी तिथेच बसला. अन्न त्यालाही गोड लागेना. ससुली आधी भुंके, मग कण्हे, मग नुसता श्वास ऐकू येई. मागे आयाबाया हात जोडून उभ्या असत. त्या काय मागतात ते त्याला ठाऊक होतं, कारण तोही तेच मागत होता: लवकर वाळ गं बाई. मग स्वतःचीच शिसारी येऊन तो कपाळ बडवी. असा धनी वैऱ्यालाही मिळू नये, असं त्याला वाटे.

एका दुपारी माती हलली. हाडांचा सापळा बाहेर आला. दातांत मणी होता. ससुलीने तो उन्हात ठेवला, गोंदाजीच्या मांडीवर डोकं टेकलं आणि प्राण सोडला.

मणी विरघळला. घराघरांत लेकरं उठली, भूक भूक करू लागली. राजाने जादूगाराची जाहीर क्षमा मागितली. राज्याची घडी पुन्हा बसली.

आवडीने डोळे चोळत विचारलं, "बाबा, ससुली कुठाय?"

गोंदाजीने काही लपवलं नाही. आवडीने हंबरडा फोडला. सगळ्या नगरात हसणं-खिदळणं चाललं होतं, रडणं त्या एकाच घरात होतं. गोंदाजी भिंतीला टेकून ऐकत राहिला. रडणं का होईना, लेकीचा आवाज होता.