चार बोटं खुंट

विळे बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. विहिरीजवळच्या वाफ्यात बारमाही गवत होतं. कापलं की पुन्हा फुटायचं.

एका उन्हाळ्यात कडबा संपला. गाभण चांदी म्हैस काकुळतीला आली, "विळोबा, आज पार मुळापासून काप. पोटात रेडकू आहे रे."

गवत थरथरलं. "चार बोटं खुंट ठेव, विळोबा. त्यातूनच मी परत फुटेन."

विळ्याने आधी पातं चार बोटं वर धरलं. पण भुकेले डोळे समोर होते. त्याने जमिनीसरशी पातं फिरवलं. चांदीने त्या दिवशी पोटभर खाल्लं.

पुढे रेडकू झालं. वाफ्याला रोज पाणी सुटायचं, पण चिखलातून एकही कोंब वर येईना. चांदीची कास आटली.

"आई, सारखी वाफ्याकडे काय बघतेस?" रेडकाने विचारलं.

"चार बोटं," चांदी म्हणाली.