अर्धी मिशी

"पण एकदा मुंडण झालं, की मागचं सगळं सुटतं ना महाराज?"

शिलेदार सुभानजीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. स्वारी सकाळीच मठात येऊन थडकली होती. तलवार दाराबाहेर, पागोटं मांडीवर, मिशी मात्र जिथल्या तिथं, पीळ भरलेली.

भवानगिरी महाराज दगडावर वस्तरा घासत बसले होते.

"सुटतं की! दीक्षा घेतली की जुना माणूस मेला असंच धरतात. नाव नवं, वस्त्रं नवी."

"आणि सरकार?"

"मेलेल्या माणसावर कुठलं सरकार खटला चालवतं, बाबा?"

सुभानजीच्या जिवात जीव आला. त्याला एवढंच हवं होतं. गेल्या मोहिमेत निंबोणी गावात त्यानं तिघांना कापून काढलं होतं. शत्रूचे शिपाई नव्हेत, खळ्यावर मळणी करणारी साधी माणसं. त्यातल्या एकाची बायको सगुणा वीस दिवस सुभेदाराच्या कचेरीसमोर ठाण मांडून बसली, हलेचना. शेवटी सुभेदारानं सुभानजीला उद्या हजर होण्याचा हुकूम धाडला.

"लढाई होती ती," सुभानजी म्हणाला. "लढाईत असं व्हायचंच."

"व्हायचंच. डोकं वाकव जरा..." महाराजांनी ओंजळभर पाणी त्याच्या डोक्यावर चोळलं. "वरून कुणाचा हुकूम होता?"

पाणी कानामागून ओघळलं.

"...नव्हता."

"त्यांच्या हातात काही होतं?"

"सुपं होती."

"बरं, बरं. आता तो सुभानजी मरतोच आहे, कशाला उगाच त्याला छळायचं!"

वस्तरा सरसर चालू लागला. महाराज मजेत गुणगुणत होते. डोक्याची डावी बाजू साफ झाली. पाठोपाठ डावी मिशीही गेली. तिचं सुभानजीला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर निंबोणीपेक्षाही जास्त.

"एक कळत नाही बघ," महाराज म्हणाले. "सगुणाबाईचा नवरा आता काही बोलायचा नाही. त्याला मारणारा आज इथं मेला. मग त्या बाईनं विचारायचं कुणाला?"

सुभानजीनं डोळे मिटून घेतले.

खळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्या तिघांतल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले होते. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली.

महाराजांनी वस्तरा पुसून बाजूला ठेवला.

"झालं!"

"झालं? अहो महाराज, अर्धंच झालंय!"

त्यानं डोकं चाचपलं. उजवीकडचं रान तसंच उभं, उजवी मिशी ऐटीत वर. अंगणातले गोसावी तोंडावर भगव्या छाटीचं टोक दाबून खिदळू लागले. सुभानजीनं हंड्यातल्या पाण्यात डोकावून पाहिलं, आणि काय सांगावं, त्यालाही हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले.

"असलं तोंड घेऊन मी जाऊ तरी कुठं? आता तर कुणीही मला लांबून ओळखेल!"

"ओळखायलाच हवं. कचेरीची वाट ठाऊक आहे ना?"

"...आहे."

"मग नीघ. उरलेलं अर्धं निकाल लागल्यावर करू."

सुभानजी उठला. पागोटं डोक्यावर चढवायला गेला, थांबला, आणि तसंच काखेत मारून चालू लागला. दारापर्यंत गेला आणि वळला.

"महाराज... निकाल फाशीचा लागला तर?"

महाराज हसायचे थांबले. उठून जवळ आले आणि त्याच्या त्या अर्ध्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"तर वस्तरा घेऊन मीच तिथं येईन."