टिटवीचा मोडका पंख

एका खडकाळ माळावर एक टिटवी राहत असे. टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. ती जमिनीवरच्या खड्यांमध्ये अंडी घालते आणि अकलेच्या जोरावर संसार करते. चरताना म्हैस जवळ आली, की ही टिटवी पंख पसरून तिच्या तोंडासमोर उभी राही आणि असा कालवा करी, की म्हैस कंटाळून वाट बदले.

एका सकाळी कोल्हा हुंगत हुंगत अंड्यांच्या रोखाने आला. टिटवीने लगेच एक पंख जमिनीवर फरफटवत लंगडायला सुरुवात केली. "वा! आयता घास!" म्हणून कोल्हा तिच्या मागे धावला, तो थेट बोरीच्या जाळीत घुसला. टिटवी भुर्रकन उडाली आणि कोल्ह्याचे नाक काट्यांनी भरले. प्राण्यांच्या वागण्यावरून माणसाचे मन ओळखू पाहणाऱ्या एक विद्वान बाई खडकाआड बसून हे सारे बघत होत्या. त्यांना हसू आवरेना. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! एवढंही कळू नये या कोल्ह्याला?"

हसत हसतच त्या अंडी बघायला निघाल्या. पण खड्यांसारखी ती अंडी त्यांना कुठली दिसायला! त्यांचे जाड बूट नेमके तिकडेच येऊ लागले. टिटवीच्या काळजाचे पाणी झाले. तिने पंख पसरून आकांत केला. "ओरड गं ओरड, मी काही म्हैस नाही!" म्हणत बाई पुढेच आल्या. आता आणखी एक पाऊल, की सगळा संसार चिरडणार! टिटवी मनाशी म्हणाली, "हिला ना गवत हवं, ना माझं मांस. मग हिला हवं तरी काय?" तिने बाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले, आणि पुन्हा तोच पंख फरफटवला. या खेपेला जरा कण्हलीसुद्धा.

"अगं बाई! मघाच्या धावपळीत खरंच मोडला की हिचा पंख!" बाई कळवळल्या. "थांब गं राणी, मी आहे ना!" पंखाला पट्टी बांधायला ओढणी सोडत त्या धावत सुटल्या, त्या थेट बोरीच्या जाळीत! टिटवी आभाळात उंच चढली आणि "टिटिव्! टिटिव्!" अशा जयघोषाने तिने सारा माळ दणाणून सोडला.

जाळीत कोल्हा काटे काढत बसला होता. तो जरा सरकला. "या, बसा. मला भुकेनं पळवलं. तुम्हाला कशानं?"

"मीच हिला वाचवणार, या हौसेनं," बाई म्हणाल्या आणि खो खो हसू लागल्या. आता त्या स्वतःलाच हसत होत्या. "माणसाचं मन शोधत माळभर हिंडले. ते असं माझ्याच अंगाला टोचेल, असं वाटलं नव्हतं!"

पुढे चारही अंडी फुटली. काटकुळ्या पायांची चार पिल्ले आईच्या मागे ऐटीत माळावरून निघाली, तेव्हा खडकाआडून बाईंनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. पाऊल मात्र एकही पुढे टाकले नाही.

तात्पर्य : मन ज्याच्यामागे धावते, तेवढेच डोळ्यांना दिसते, मग ते मन कोल्ह्याचे असो की शहाण्या माणसाचे. आणि समोरच्याचे मन जो ओळखतो, तो दुबळा असला तरी जिंकतो.